बांधलेला घोडा

बाबा, त्या घोड्याबद्दल आपण कधीच धड बोललो नाही. पडदा टांगला त्या दिवसापासून तुम्ही जाईपर्यंत पंधरा वर्षं होती, आणि तुम्ही गेल्यालाही आता सत्तावीस होतील. मी विषय काढला नाही, आणि तुम्ही तर काढणार नव्हतातच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुमचं ठरलेलं वाक्य. पण त्या मुठीत तुमचं काही नव्हतंच, माझं होतं. या देशात तुम्हाला एकच मित्र मिळाला होता आणि तो माझ्यामुळे तुटला. एवढं एक वाक्य लिहायला मी सकाळपासून तीन कप चहा प्यायले आहे. आता लिहून झालंच आहे, तर बाकीचंही क्रमाने लिहिते.

आपण १९७५ साली मेलबर्नला आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्हाला शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली, सेंट ऑल्बन्सला घर मिळालं, आणि पुण्याहून आणलेल्या ट्रंका पुढच्या खोलीत टेबल म्हणून उभ्या राहिल्या. त्या कारखान्यात रंगाच्या शेडमध्ये एक माणूस होता, तुमच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. तयार झालेल्या नांगरांवर आणि पेरणीयंत्रांवर तो हाताने अक्षरं काढायचा. त्याचं नाव तिथे कुणाला धड म्हणता येत नसे, म्हणून सगळे त्याला दुसऱ्याच कुठल्यातरी सोप्या नावाने हाक मारायचे. पुढे त्याची नात माझ्या वर्गात आली. ती त्याला ‘दीदो’ म्हणायची, म्हणजे आजोबा. मग मीही दीदोच म्हणू लागले, आणि घरात तुम्हीसुद्धा.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही त्यांना विचारलं होतंत, “रशियन?” आणि उत्तराची वाटही न बघता रशिया आपला केवढा जुना दोस्त, पोलादाचे कारखाने कसे उभे करून दिले, पुण्याच्या प्रदर्शनात त्यांची पुस्तकं किती स्वस्त मिळायची, हे सगळं सांगून मोकळे झालात. दीदोंनी हातातला ब्रश डब्यात ठेवला आणि आठ दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते तुमच्या बाकावर येऊन बसले, खिशातून घडीचा एक नकाशा काढला, काळ्या समुद्राच्या वर बोट टेकवलं आणि म्हणाले, “धिस. नॉट रशिया. धिस.” तुम्ही वाकून बघितलंत तर तिथे काही वेगळं दाखवलेलंच नव्हतं, इकडून तिकडे सगळा एकच गुलाबी रंग. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, “माणसाला देश आहे गं, पण नकाशात नाही.” काही दिवसांनी मी बोलता बोलता त्यांना ‘तो रशियन’ म्हणाले, तेव्हा तुम्ही पेपर खाली ठेवलात. “त्यांना तसं म्हणायचं नाही. आपलं नाव दुसऱ्याने पुसलं की कसं वाटतं, ते तुला कळायला वेळ आहे.” तुम्ही मला रागावल्याची माझ्याकडे ही एवढी एकच आठवण आहे. दुसऱ्या वेळी रागवायला हवं होतंत, तेव्हा रागावला नाहीत.

शनिवारी दुपारी तुम्ही मला घेऊन त्यांच्याकडे जायचात. दीदो मुलीकडे राहायचे, आपल्यापासून तीन गल्ल्या सोडून, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं राज्य होतं. त्यांच्या उपासाच्या दिवसांत ते मांसाला शिवायचे नाहीत आणि तुम्ही तर कधीच नाही, त्यामुळे लेंटमध्ये तुमची दोघांची फार चैन असायची: बीटची कोशिंबीर, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणि आईने पाठवलेलं लिंबाचं लोणचं. दीदो ते लोणचं ब्रेडला लावून खायचे आणि डोळ्यांतून पाणी काढायचे. अक्षरं काढायचा स्वतःचा लांब केसांचा एक ब्रश त्यांनी तुम्हाला दिला होता. तो तुम्ही कपाटात शर्टांच्या खाली ठेवायचात, जसा काही दागिना.

त्या शेडच्या भिंतीवर ते चित्र होतं. बिस्किटाच्या मोठ्या डब्याच्या झाकणावर काढलेलं, युद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत, नुसत्या आठवणीने. ओकच्या झाडाखाली एक माणूस मांडी घालून बसला आहे. डोक्याचा चकोट, मधोमध लांब शेंडी, ती कानामागे वळवलेली. भरघोस मिशा, घोळदार लाल सलवार. हातात पोट फुगलेलं एक तंतुवाद्य. तलवार फांदीला टांगली आहे, भाला जमिनीत रोवला आहे, आणि भाल्याला घोडा बांधला आहे. तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा म्हणालात, “अहो, हे तर आमच्या पेठेतले गुरुजी!” आणि मग शेंडी म्हणजे काय, गुरुजी म्हणजे काय, हे सगळं इंग्रजीतून समजावत बसलात. दीदो खूप हसले. हा कोझाक, म्हणजे त्यांच्याकडचा जुन्या काळचा घोडेस्वार लढवय्या, त्यांच्या मुलखात घरोघरी असायचा म्हणे, दारांवर, पेट्यांवर, मधमाश्यांच्या पेटाऱ्यांवरसुद्धा. राजा नाही, सरदार नाही, त्याच्या नावावर एकही लढाई नाही. “मग हा आहे तरी कोण?” तुम्ही विचारलंत. दीदोंनी ओठ पुसले आणि म्हणाले, “अस.” म्हणजे, आम्ही.

मला मात्र तो माणूस आवडत नव्हता. का, ते सांगते. तुम्ही जेवायला जमिनीवर बसायचात. आपल्याकडे डायनिंग टेबल होतं, शेजारच्या इटालियन बाईंनी दिलेलं, त्यावर आई कपड्यांच्या घड्या घालायची. तुम्ही स्वयंपाकघराच्या लिनोलियमवर चटई टाकून, मांडी घालून, हाताने वरणभात कालवत बसायचात, आणि कोणी आलं तरी उठायचा नाहीत. “कम, कम, सिट,” म्हणून आलेल्यालाच खाली बसवायचात. एकदा माझ्या वर्गातल्या दोन मुली गृहपाठाची वही न्यायला आल्या आणि त्यांनी तुम्हाला तसं पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात त्या मांडी घालून बसल्या, हाताने हवेतला भात कालवला, आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले, बाबा. त्या दिवसापासून मला कोणी मांडी घालून बसलेलं बघवेना. आणि दीदोंच्या त्या झाकणावर तुम्हीच बसलेले दिसायचात, शेंडी आणि मिशा लावून.

१९८३ साल आलं. दीदोंच्या लोकांची शनिवारची शाळा होती, त्यांच्या इथल्या मुलांना भाषा आणि गाणी यावीत म्हणून चालवलेली. त्या शाळेचा वार्षिक कार्यक्रम त्यांच्या हॉलमध्ये व्हायचा. त्या वर्षी त्यांच्याकडच्या दुष्काळाला पन्नास वर्षं होत होती, म्हणून आधी मेणबत्त्या लावून गेलेल्यांची आठवण काढायची आणि मग मुलांनी गायचं, असं ठरलं. मुलांच्या मागे रंगमंचभर मोठा कोझाक हवा होता. दीदोंचे हात तोवर थरथरायला लागले होते, त्यांनी नोकरीही सोडली होती. त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही विचारलंत, “दुष्काळ कशाने पडला? आमच्याकडे बहात्तर साली पडला होता, पाऊसच नाही.” दीदो म्हणाले, “आमच्याकडे पाऊस पडला होता. गहूही आला होता.” तुम्ही पुढचं विचारलं नाहीत, त्यांनी सांगितलं नाही.

तुम्हाला त्या कामाचा किती आनंद झाला होता, ते मला माहीत आहे, म्हणून तर हे लिहिताना हात जड होतो आहे. पुण्याला गणपतीत मंडळाच्या देखाव्याचे पडदे तुम्हीच रंगवायचात. घोडा काढावा तर तुम्हीच, असं पेठेत म्हणायचे. गड, मावळे, महाराज, आणि पुढचे दोन पाय उचललेला पांढरा घोडा; लोक नुसता घोडा बघायला रांग लावायचे, असं आई सांगायची. इथे आल्यापासून आठ वर्षांत तुम्ही नटबोल्टांशिवाय काही काढलं नव्हतं. तुम्ही सरस आणला, खडूची पूड आणली, गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, आणि आईला मशीनवर जाड कापडाचे पन्हे जोडायला बसवलंत.

त्याच सुमाराचा एक शनिवार. तुम्ही ओव्हरटाइमला गेला आहात. आई पुढच्या खोलीत कापड जोडते आहे, मशीनचा आवाज येतो आहे. दीदो आपल्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले आहेत. कपातला चहा त्यांच्या हाताने बशीत सांडतो आहे, आणि मी तो बघितला नाही असं दाखवते आहे. कोटाच्या आतून ते फडक्यात गुंडाळलेलं झाकण काढतात आणि माझ्यासमोर ठेवतात. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, एकेक शब्द वीट ठेवावी तसा ठेवत बोलायचे. मी ते मराठीत लिहिते आहे. “बाबांना सांग, असंच हवं. मोठं, पण असंच. घोडा बांधलेला. तलवार झाडाला.” मी मान हलवते. “नाही, कारण पण सांग. धान्य न्यायला सरकारी माणसं आमच्या गावात आली ना, तेव्हा कोठाराच्या दारावर त्यांनी एक मोठं चित्र चिकटवलं. घोडेस्वार. उगारलेली तलवार. घोडा असा, चौखूर. आणि आमच्या घरातल्या पेटीच्या झाकणाला आतून हा होता. आईने मला दोन्ही दाखवले. म्हणाली, तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. आपला आपल्या जागी बसतो. मग ते आमच्याकडे आले. तळाशी काही दडवलंय का, म्हणून त्यांनी पेटी फोडली. त्या हिवाळ्यात आधी धाकटा भाऊ गेला, मग आई.” ते थांबतात, बशीतला चहा परत कपात ओततात. “हे मी बाबांना सांगायला बसलो की मला पुढे बोलता येत नाही. तुझ्याजवळ येतं. तू सांग त्यांना.”

मी म्हणाले, “येह, नो वरीज.” पंधरा वर्षांची होते, घाईत होते, असं म्हणून मला सुटता येईल. पण मी नीट ऐकलं नव्हतं, असं मात्र म्हणता येणार नाही. मी शब्दन् शब्द ऐकला होता, नाहीतर आज लिहिता आला नसता.

तुम्ही संध्याकाळी आलात, बूट काढता काढता झाकण उचलून बघितलंत. “काय म्हणाले गं दीदो?”

“ही सेड डू इट युअर वे. यू आर द आर्टिस्ट.”

“असं म्हणाले? मला हवं तसं?”

“हो.”

तुम्ही ते झाकण दिव्याखाली धरून कितीतरी वेळ बघत होतात. मी तुमच्याकडे बघत होते. मला त्या माणसाला उठवायचं होतं, बाबा. माझ्या वर्गातली त्यांची नात त्या पडद्यापुढे गाणार होती, तिच्या मैत्रिणी येणार होत्या, माझ्याही येणार होत्या, आणि माझ्या वडिलांनी काढलेलं चित्र म्हणून त्या सगळ्या जणी एक जमिनीवर फतकल मारून बसलेला माणूस बघणार होत्या. मला तो घोड्यावर हवा होता.

तरीही तुम्ही आधी बसलेलाच काढायला घेतलात. सुतळीला खडू लावून कापडावर चौकटी पाडल्यात, झाकणावरही बारीक चौकटी आखल्यात, आणि एकेक घर मोजून मांडी उतरवायला लागलात. मी रंग घोटत होते. मी म्हणाले, “ही लुक्स लाइक ही इज वेटिंग फॉर अ बस.” तुम्ही हसलात. “अगं, गातोय तो.” मी म्हणाले, “घोडा बांधून ठेवलाय, तलवार टांगून ठेवलीय, आणि गातोय? शत्रू आला म्हणजे?” तुम्ही खडू हातात घेऊन उभे राहिलात. तुमचे हात आठ वर्षं घोड्यासाठी शिवशिवत होते, आणि ते मला पक्कं माहीत होतं. “नक्की ना? मला हवं तसं, असंच म्हणाले ना?” तुम्ही पुन्हा विचारलंत. ही दुसरी संधी होती. मी म्हणाले, “बाबा, हाऊ मेनी टाइम्स?” मग तुम्ही फडकं ओलं केलंत आणि ती मांडी पुसून टाकलीत.

पुढचे चार शनिवार-रविवार तुम्ही जे काही केलंत ते मी आयुष्यात पुन्हा कुणाला करताना पाहिलं नाही. बांबूला ब्रश बांधून तुम्ही दहा फुटांवरून घोड्याची मान काढलीत, एका दमात. लगाम मात्र दीदोंच्या ब्रशाने काढलात, अगदी जवळ बसून. नाकपुड्या फुललेल्या, आयाळ उडालेली, पुढचे पाय हवेत, वर कोझाक, शेंडी वाऱ्यावर आणि तलवार आभाळाकडे. तुम्ही त्या दिवसांत गाणी म्हणत होतात. आई म्हणाली, “यांना बरं वाटतंय गं इथे, पहिल्यांदाच.” दीदो दोनदा येऊन गेले, आणि तुम्ही गॅरेजच्या दारातच आडवे उभे राहिलात. “नो, नो. सरप्राइज.” दीदोही हसत परत गेले. निरोप पोचलेला आहे, याची त्यांना खात्री होती.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला होता. बायकापुरुष भरतकाम केलेल्या शर्टांत, टेबलावर मेणबत्त्या, मधोमध एक पाव. पुढच्या रांगेत म्हातारी माणसं. तुम्ही सूट घातला होतात. मी मुलींबरोबर बाजूला उभी होते, हातात केकची बशी. पुढचा पडदा बाजूला झाला आणि तुमचा घोडा दिसला. मागे काही मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतून मात्र एकही आवाज आला नाही. एक बाई उठल्या, पर्स उचलली, आणि खुर्च्यांच्या कडेकडेने बाहेर निघून गेल्या. मग आणखी एक गृहस्थ. दीदो रंगमंचाच्या पायऱ्यांशी उभे होते आणि चित्राकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, आधीच ओळखीचं काहीतरी पुन्हा समोर यावं तसे ते बघत होते. पाद्र्यांनी कुणाला तरी हलक्या आवाजात काही सांगितलं. दोन माणसं शिडी घेऊन चढली आणि त्यांनी पडदा काढून उलटा टांगला. पण तुम्ही रंग असा भरून लावला होतात की तो पार मागे उतरला होता. पांढऱ्या कापडावर घोड्याची सावली तशीच राहिली, तोंड फक्त दुसऱ्या बाजूला. मुलं त्याच्यापुढे गायली. मेणबत्त्या त्याच्यापुढे लागल्या.

मागच्या खोलीत दीदो आपल्याकडे आले. “मी मुलीला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “घोडा बांधलेला. मी सगळं सांगितलं होतं.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एकदाच, आणि फार थोडा वेळ. मग त्यांच्याकडे वळून म्हणालात, “शी टोल्ड मी. तिने सांगितलं होतं. मलाच वाटलं, घोड्यावर जास्त बरा दिसेल.”

“सगळं सांगितलं? माझ्या आईचं?”

तुम्हाला त्यांच्या आईचं काय ते माहीत नव्हतं, बाबा. तुम्हाला त्यातलं अक्षरही माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, “येस.”

दीदोंचा चेहरा तेव्हा बदलला. चूक झाली असती तर त्यांनी ती पोटात घातली असती, तसा मोठ्या मनाचा माणूस होता तो. तुमच्या रशियाच्या कौतुकाला त्यांनी आठच दिवस दिले होते. पण माणसाने आपल्या आईचं मरण ऐकून घ्यावं आणि तरीही तेच चित्र काढावं, याला काय म्हणणार. “गुड हॉर्स,” ते म्हणाले, आणि गेले. मी तिथेच होते. तीन पावलांवर. तोंड उघडायला लागतो तेवढाच वेळ लागला असता, आणि मी मूग गिळून उभी राहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून तुम्ही मला वाचवलंत. मला मात्र तुम्हाला वाचवायचं सुचलं नाही. सुचलं नाही हेही खोटं. सुचलं होतं. धीर झाला नाही.

गाडीत मी शिव्यांची वाट बघत होते. तुम्ही दोन सिग्नल ओलांडलेत आणि विचारलंत, “का गं?” नुसतं एवढंच. मला तेव्हा तरी खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तो तुमच्यासारखा बसला होता.” घरी आईने विचारलं तेव्हा, “त्यांना रंग जरा भडक वाटले,” म्हणालात. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही डायनिंग टेबलावरच्या कपड्यांच्या घड्या उचलल्यात, खुर्ची ओढलीत आणि ताट वर मागितलंत. आई म्हणाली, “गुडघे दुखतायत का?” तुम्ही म्हणालात, “हो, थंडीचे.” त्यानंतर तुम्ही कधीही खाली बसून जेवला नाहीत. मंगळागौरीला नाही, गणपतीत नाही, पुण्याला आत्याकडे गेलो तेव्हा सगळी पंगत खाली बसली तरी नाही. चमच्याने वरणभात खायचात, आणि तो तुम्हाला नीट खाता यायचा नाही.

शनिवार रिकामे झाले. तुम्ही एकदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलात, हे मला त्यांच्या नातीने सांगितलं. फाटकाशी उभे राहिलात आणि वळलात, ती खिडकीतून बघत होती. १९८६च्या हिवाळ्यात दीदो गेले. तेही तिनेच मला शाळेत सांगितलं, आणि मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तो निरोप मी बरोबर पोचवला. तुम्ही रजा टाकून चर्चला गेलात आणि आत न जाता बाहेर रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलात. घरी आल्यावर आधी अंघोळ केलीत, डोक्यावरून, गार पाण्याने. आईने बाथरूमच्या दाराशी विचारलं, “कोण गेलं?” तुम्ही आतून म्हणालात, “घरातलं.” मी माझ्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते आणि मला ते ऐकू आलं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, लहान म्हणून सुटायचं वयही उलटलं होतं. तेव्हाही उठून बाहेर आले नाही. पुढे तुमचा बायपास झाला, तुम्ही निवृत्त झालात, दिवसदिवस अंगणात बसायचात. मी दर रविवारी यायचे, फळं आणायचे, औषधं बघायचे. विषय तेवढा काढायचे नाही. तुम्ही पुन्हा कधी चित्र काढलं नाहीत. रंगाच्या वासाने खोकला होतो, असं आईला सांगायचात.

आता त्यांच्या देशाचं नाव नकाशात आहे आणि रोज बातम्यांत आहे, आणि तो मांडी घालून बसलेला माणूस मला कुठे कुठे दिसतो, टीशर्टवर, पोस्टरवर, एकदा तर ट्रेनमध्ये एका पोरीच्या पिशवीवर. गेल्या शनिवारी वेरिबीच्या हॉलमध्ये आपल्या लोकांचं गेट-टुगेदर होतं. आता इथे केवढी मराठी माणसं आहेत, तुम्हाला खरं वाटणार नाही. तुम्हाला एका माणसावर दिवस काढावे लागले. जेवणानंतर कुणीतरी त्या युद्धाचा विषय काढला, आणि मी ती गोष्ट सांगितली. मी ती नेहमी सांगते, बाबा. तीस वर्षं सांगत आले आहे, माझी ठेवणीतली गोष्ट आहे ती. आमच्या बाबांना एका म्हाताऱ्याने बसलेला हीरो काढायला सांगितला, पण बाबा पडले अस्सल पुणेकर, त्यांनी त्याला घोड्यावर बसवून हातात तलवार दिली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. लोक पोट धरून हसतात. परवाही हसले. स्वयंपाकघरातला तो शनिवार मी कधीच सांगत नाही, आणि त्या शनिवारशिवाय गोष्ट फार छान जमते.

परत येताना गाडी तुमचा नातू चालवत होता. सव्वीस वर्षांचा आहे तो आता. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. त्याने ती गोष्ट नीट पहिल्यांदाच ऐकली होती. सिग्नलला गाडी थांबवून तो म्हणाला, “सो ग्रँडपा जस्ट डिडन्ट लिसन?”

मी म्हणाले, “नो. ही नेव्हर लिसन्ड टु एनीवन.”

म्हणून आज हे लिहायला बसले. तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही, आणि दीदोंच्या आईचं सोडलं, तर तुम्हाला यातलं नवीन फारसं नाही. माझं खोटं तुम्हाला त्या एका नजरेतच कळलं होतं. हे पाठवायचं तर त्यालाच पाठवायला हवं, त्याची खोली जिन्याच्या वर आहे आणि तो आत्ता घरीच आहे. पण मी हे मराठीत लिहिलं आहे, बाबा. त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून.